उजव्या सीटवरची दीप्ती

रामदासपेठ, नागपूर
शुक्रवार

प्रिय दीप्ती,

पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकली असशील. याच अक्षरात मी तुझ्या प्रशिक्षणाच्या फायलीत दीड-दोनशे शेरे लिहिले आणि त्यातला एकही धड नव्हता. घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. फोन करता आला असता. केलाही होता, मंगळवारी आणि परत बुधवारी. दोन्ही वेळा तू "बोला सर" म्हणालीस आणि दोन्ही वेळा मी सावनेरला ऊन कसं आहे ते विचारून फोन ठेवला. कामिनीकाकू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "चाळीस वर्षं विमानात पोरांवर आणि घरात माझ्यावर ओरडलात, आता एक वाक्य निघेना का?" नाही निघत. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकून तू मला पूर्वीसारखं "सर" म्हणशील की नाही याची मला खात्री नाही. म्हणून कागद घेतला. हे पाकीट धर्मेंद्रच्या हाती देतोय, म्हणजे उद्या शनिवारी तुला मिळेल. पण आधी तुझी स्तुती करतो. नंतर केली तर तुला वाटेल, म्हातारा कडू गोळीवर साखर लावतोय.

तुझी निवड कशी झाली ते तू मला फोनवर एका ओळीत सांगितलंस, "सर, झालं माझं." धर्मेंद्रने मात्र सगळं साग्रसंगीत सांगितलं. तोही माझाच विद्यार्थी, आता कळमेश्वर रस्त्यावरच्या त्या नव्या फ्लाइंग स्कूलचा मुख्य प्रशिक्षक आणि तुझा साहेब. एका जागेसाठी अकरा जण आले होते म्हणे, आणि बहुतेकांचे उड्डाणाचे तास तुझ्याहून जास्त. प्रत्येकाला त्याने उजव्या सीटवर बसवलं, कारण शिकवणारा उजवीकडे बसतो, आणि स्वतः डावीकडे शिकाऊ म्हणून बसला. मग मठ्ठपणा सुरू केला. नाक वर ओढ, चुकीचा पाय दाब, जे आत्ताच सांगितलं तेच परत विचार. बाकीचे दहा जण छापील पुस्तकासारखं इंग्रजी बोलत होते. आणि प्रत्येकाला त्याने एक सापळा लावला होता. विमान त्याच्या हातात असताना, काही न बोलता, त्याने आपल्या बाजूचा दांडा हळूच सोडला, पायही काढून घेतले आणि खिडकीबाहेर बघत गप्पा मारत राहिला. दहाच्या दहा जण बोलत राहिले. कोणी अर्धा मिनिट, कोणी त्याहून जास्त. विमान कोणीच उडवत नव्हतं आणि धडा जोरात चालू होता. तू तीन सेकंदांत दोन्ही हात त्याला दिसतील असे वर धरलेस आणि म्हणालीस, "सर, तुमी सोडलं, मी घेतलं नाई. मंग उडवून कोण राहिलं?" धर्मेंद्र मला म्हणाला, "सर, सच सांगतो, मी तिथंच हसलो. खाली उतरल्यावर बाकीचे कागद पाहिलेच नाही."

ती सवय तुला कुठून लागली हे त्याला माहीत नाही. जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे. नऊ वर्षं झाली त्या डिसेंबरला. सकाळची हवा अगदी निवांत, तू डावीकडे, मी उजवीकडे, आणि धडा काय तर सरळ आणि सपाट उडायचं. मध्ये एकदा मी विमान माझ्या हातात घेतलं, तुला काहीतरी दाखवलं, "हं, ठीक" म्हणालो आणि हात काढले. माझ्या मते मी विमान तुला परत दिलं होतं. तुझ्या मते मी नुसताच "ठीक" म्हणालो होतो. तोल नीट साधून ठेवलेला होता, तेव्हा विमान आपलं आपलं जात राहिलं. मी खूश. तुझं उड्डाण इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने कोणाला कधी बरं म्हटलं नाही तो मी म्हणालो, "वा, याला म्हणतात हात." तुला वाटलं सर स्वतःचीच तारीफ करताहेत, आणि मी ती करायचोच, म्हणून तू नम्रपणे "हो सर" म्हणालीस. मग कळमेश्वरची धुराडी डाव्या पंखाखाली सरकायला लागली, आणि जरा जास्तच सरकायला लागली. तू वाट बघत होतीस सर कधी सरळ करतात आणि मी वाट बघत होतो पोरगी कधी सरळ करते. शेवटी तू हळूच विचारलंस, "सर, तुमी वळवून राहिले का?" चार मिनिटं, दीप्ती. मी घड्याळ पाहिलं होतं. मुख्य प्रशिक्षक आत बसलेला आणि विमान चार मिनिटं मोकाट.

उतरल्यावर मी तुला सांगितलं की हे बाहेर जाता कामा नये. चहाच्या टपरीवर ही गोष्ट गेली असती तर माझी जी काही पत होती ती त्याच दिवशी संपली असती. तू मान हलवलीस. त्यानंतर तू ती गोष्ट कधी कोणाला सांगितली नाहीस, आईलाही नाही, हे मला माहीत आहे, कारण नागपुरात कोणतीही गोष्ट एकाला सांगितली की संध्याकाळी मला कळते. तू फक्त एवढंच केलंस, की दुसऱ्या दिवसापासून विमान घेताना किंवा देताना दोन्ही हात वर धरायचे आणि स्पष्ट विचारायचं, कोणाकडे आहे. बाकीची मुलं तुला हसायची. मीसुद्धा एकदा हसलो, लाज वाटून. चूक माझी होती आणि धडा तू घेतलास. माझ्या हाताखालून दोनशेच्या वर मुलं गेली. माझ्या चुकीतून शिकलेली तू एकटी.

तुझ्या बाबांची पहिली भेटही आठवते. आपली जुनी शाळा तेव्हा चालू होती. देवराव तुला मोटरसायकलवर सावनेरहून घेऊन आले होते, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाले, खाणीत आहे, नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला खाली घेऊन जायचं काम माझ्याकडे असतं. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, भ्यालेल्या माणसाले तुमी वर काय सांगता?" मी त्यांना चांगलं पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. आत्मविश्वास कसा द्यावा, सूचना कशा द्याव्या, आवाज कसा ठेवावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी काहीच नाई सांगत. पहिल्या दिवशी त्याले ऐकूच येत नाही. संगं चालतो फक्त." मला वाटलं, साधा माणूस आहे. आणि मी तो विषय तिथेच सोडला.

पुढे तुला परवाना मिळाला तेव्हा सगळे विचारायला लागले की आता कोणती एअरलाइन. तू म्हणालीस, "मले शिकवाचं हाय." लोकांना वाटलं ही एअरलाइनची परीक्षा टाळते आहे. शिकवणं म्हणजे दुसरी नोकरी मिळेपर्यंतचा विसावा, असंच आपल्याकडे समजतात. तुझ्यासाठी ते तसं नव्हतं. बाबांचं काम तुला करायचं होतं, फक्त वरच्या दिशेला. हे मला तेव्हा कळलं असतं तर किती बरं झालं असतं. मला एवढंच दिसत होतं की प्रशिक्षकाच्या तयारीला मी तुला उजवीकडे बसवतो आणि तू बोलत नाहीस. मी डावीकडे बसून मठ्ठपणा करायचो आणि तुझ्या कानात ओरडायचो, बोल, शिकवणाऱ्याचं तोंड चालू पाहिजे. तू चार शब्द बोलायचीस आणि गप्प. मी फारच घाई केली की "धरून राहा, काहून हलवता" असं काहीतरी तोंडातून निघायचं आणि मग तू स्वतःच लाल व्हायचीस. माझं तोंड मात्र चाळीस वर्षं धावपट्टी सोडल्यापासून परत टेकेपर्यंत कधी बंद नव्हतं. एका मुलाला तर माझ्या आवाजात रेडिओच ऐकू आला नव्हता, आणि त्याबद्दलही मी त्यालाच झापलं होतं.

आता कालचं सांगतो. काल गुरुवारी सकाळी मी तुमच्या शाळेत आलो होतो. तुला माहीत नाही. फोनवर जे निघालं नाही ते समोरासमोर सांगून टाकावं म्हणून रिक्षा केली आणि हँगरच्या मागच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. तू काजलला घेऊन वर होतीस. कळमेश्वरची ती एकोणीस वर्षांची पोरगी, जेमतेम बारा तास उडालेली. धर्मेंद्रने मला तिचं नाव सांगितलं. उतरणं आणि लगेच परत उठणं, असं चाललं होतं. तिसऱ्या वेळी विमान जमिनीला लागून चांगलंच उसळलं. मी खुर्चीतून उभा राहिलो. माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, इतक्या वर्षांची खोड. मी असतो तर त्याच क्षणी विमान ओढून घेतलं असतं आणि वर काजलच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण खालून बघणाऱ्याला कळतं विमान कोणाच्या हातात आहे ते. जाणत्याने घेतलं की नाक एकदम ताळ्यावर येतं. हे आलं नाही. जरा डगमगलं, मग इंजिनाचा आवाज चढला, आणि वाकडंतिकडं का होईना पण ते वर गेलं. म्हणजे ते काजलने केलं होतं. तू शेजारी बसून होतीस आणि तिला करू दिलंस. पुढच्या वेळी तिने असं टेकवलं की धूळही उडाली नाही. मी परत खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं. एवढं उसळलेलं विमान विद्यार्थ्याच्या हातात ठेवण्याची छाती माझ्यात कधीच नव्हती. तुम्ही दोघी चालत येत होतात तेव्हा मी डोळे पुसायला खोडाआड सरकलो होतो, आणि ती सांगत होती, "मॅडम, तुमी बोललेच नाई, मले वाटलं तुमी डोळे लावून बसल्या." आणि तू म्हणालीस, "तुये हात बरोबर चालले होते वं, मी काहून बोलू?" तेव्हा मला देवराव आठवले. संगं चालतो फक्त. जे मी तुझ्यातलं कमीपण समजत होतो ते तू घरून शिकून आलेलं काम होतं, आणि माझ्याहून चांगलं होतं.

आता ती गोष्ट. गेल्या सहा वर्षांत तू प्रशिक्षकाच्या जागेसाठी तीन शाळांमध्ये गेलीस. तिन्ही ठिकाणी उड्डाण उत्तम झालं, तिन्ही ठिकाणी चहा पाजला आणि तिन्ही ठिकाणांहून "कळवतो" म्हणून कोणी कळवलं नाही. दर वेळी तू मला फोन करायचीस आणि विचारायचीस, सर, काय चुकलं असेल. तुझं काही चुकलं नव्हतं. तिन्ही वेळा मला फोन आले होते. आमच्या धंद्यात ही रीत आहे, कागदपत्रं काही म्हणोत, ज्याने शिकवलं त्याला एकदा विचारायचं. तिन्ही वेळा मी सांगितलं की मुलगी उडवते फार छान, पण शिकवायला नको, बोलत नाही, आणि बोलली तर मले-तुले बोलते, गावाकडची आहे. शेवटचं मी हसत सांगितलं होतं. तिकडचा माणूसही हसला. मग संध्याकाळी तुझा फोन आला की मी म्हणायचो, तुझं बोलणं सुधार, सीताबर्डीवर इंग्रजीचा क्लास लाव. तू लावलास. दोन वर्षं. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, वैमानिकांच्या लेखी परीक्षेच्या वर्गात, तू स्वतः मुलांना हवामान आणि दिशाज्ञान शिकवायचीस, ती मुलं तुझ्या वर्गात जमिनीवर बसून शिकायची इतकी गर्दी असायची, आणि तिथून वरच्या मजल्यावर जाऊन तू "हाऊ डू यू डू" घोकायचीस. रेडिओवर लागणारं इंग्रजी तुला कधीच कमी नव्हतं, त्याची परीक्षा तू पहिल्या फटक्यात पास झाली होतीस. हे मला माहीत होतं आणि तरी मी तुला पाठवलं. माझी चूक तू नऊ वर्षं पोटात ठेवलीस. तुझी नसलेली चूक मी तीन जणांना सांगितली. यावेळी धर्मेंद्रने मला विचारलंच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सर, तुमी नाई म्हटलं असतं ना." तो मला ओळखून आहे. कामिनीकाकूला हे पहिल्या फोनपासून माहीत होतं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मी समजलो भाजीत मीठ जास्त म्हटल्याचा राग असेल.

सोमवारी तू फोनवर म्हणालीस की नोकरीला महिना झाला, रविवारी आईबाबांना घेऊन येते, बाबा शाल-श्रीफळ घेऊन येऊन राहिले, त्यांना तुमचा सत्कार करायचा आहे, तुमच्यामुळे झालं. तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. तरीसुद्धा, खरं सांगू, काल रिक्षात बसताना माझ्या मनात होतं की जरा घुमवून फिरवून सांगू, माफीबिफी मागू आणि शाल घेऊन टाकू. पण काल तुम्ही दोघी कडुलिंबाजवळून गेलात तेव्हा मी पुढचंही ऐकलं. काजल म्हणाली की मलाही तुमच्यासारखं शिकवायचं आहे. आणि तू, जिने आत्ताच तिला असं शिकवलं होतं जसं मी कधी कोणालाच शिकवू शकलो नाही, तू तिला म्हणालीस, "आधी तुयं बोलणं सुधार वं. सीताबर्डीवर क्लास लाव. मायं बोलणं कच्चं होतं म्हणून माये सहा वर्षं गेले." माझंच वाक्य. ते मी तुला दिलं आणि तू ते इतकं खरं धरलंस की आता पुढच्या पोरीला देते आहेस. मला तुझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही, मी मागच्या फाटकाने निघून आलो. पण गप्प राहिलो तर ती पोरगी क्लास लावेल, आणि तिची वर्षंही माझ्या खात्यात जातील. म्हणून हे पत्र. क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते तुझ्यावर सोडतो. हे पत्र आधी देवरावांना वाचून दाखव. रविवारी आलात तर मी घरीच आहे. नाही आलात तर का ते मला माहीत असेल. आलात तर शाल मात्र आणू नका. पण काजलला वाट बघायला लावू नकोस. पुढच्याच भेटीत तिला सांग की मॅडमची सहा वर्षं मॅडमच्या बोलण्यामुळे गेली नाहीत, मॅडमच्या सरांमुळे गेली. माझं नाव घेऊन सांग.

तुझाच,
कृष्णकांत सर